राळेवाडीची कणी

"आई, तू मला मामाच्याच गोष्टी सांगत हुतीस व्हय गं?"

जयानं हे विचारलं तेव्हा शालन पाणी गाळत होती. दुहेरी गाळणं घागरीच्या तोंडावर ताणून धरलेलं, वरून कळशी हळूहळू कलती केलेली, आणि पोरगी उंबऱ्याशी पालथी पडून अल्बमची पानं उलटत होती. तिच्या आवाजात वाकडं काही नव्हतं. दहा वर्षांची पोर, तिला काहीतरी नवीन कळलं होतं आणि ते ती खात्री करून घेत होती, इतकंच. पण शालनच्या हातातली कळशी एकदम तिरकी झाली, गाळण्याची कड सुटली आणि न गाळलेलं पाणी भसकन घागरीत गेलं. म्हणजे आता सगळी घागर पुन्हा गाळायची. तिनं गाळणं पिळलं नाही, पिळायचं नसतं, त्यात जीव असतात. "माझ्या हायत त्या गोष्टी," ती म्हणाली. जयानं मान वर केली, आईकडे पाहिलं, मग पुस्तकाच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. "पण हितं मामाचं नाव छापलंय," ती म्हणाली.

अल्बम सकाळच्या टपालानं आला होता. तिच्या धाकट्या भावानं, धरणेंद्रनं, कोल्हापुराहून पाठवलेला. तिथं तो शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. जाड पुठ्ठा, त्यावर तीन रंगांत छापलेलं रान, आणि करवंदीच्या जाळीखाली बोटाच्या पेराएवढी माणसं, हातात गवताच्या काड्यांचे भाले. 'राळेवाडीचे वीर'. आत पानापानाला सहा चौकटी, चौकटीत चित्र, खाली दोन ओळी. रानातल्या त्या चिमुकल्या गावावर एकामागून एक मायावी संकटं येतात आणि गावकरी त्यांना तोंड देतात. शालनचा नवरा आप्पाण्णा बेळगावच्या वडगावात विणकरांना सूत विकायचा. सरळ माणूस. दुकानाला जाण्याआधी त्यानं मोठ्या कौतुकानं पहिलं पान वाचून दाखवलं होतं. 'बालपणी मला सवंगडी असा कोणीच नव्हता. दीर्घ आजाराच्या एकांतात माझ्या एकट्या मनाने ही इवली माणसे घडविली.' वाचून झाल्यावर त्यानं चष्मा काढला. "काय लिवलंय बघ," तो म्हणाला, "आपल्या निपाणीचं पोरगं म्हणून वाटत न्हाय." शालन तेव्हा भाकरी थापत होती. कोणीच नव्हता. तिनं पिठानं भरलेले स्वतःचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. हात होते. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली, आणि ती करपेपर्यंत उलटायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

लहानपणी, निपाणीच्या घरी, सगळीकडे तंबाखूचा वास असायचा. वखारीत, अंथरुणात, आईच्या लुगड्यात. बाहेरून आलेला माणूस शिंकत घरात शिरायचा आणि त्याला हसायची पहिली पाळी त्या दोघा भावंडांची असायची. धरणू सहा वर्षांचा होता आणि त्याच्या गुडघ्यात पू झाला होता. वैद्य झाले, मिशनचे डॉक्टर झाले, शेवटी वर्ष-दीड वर्ष अंथरुणावर पडून राहायचं ठरलं. त्याच्याजवळ बसायला कोणीतरी हवं होतं. आई, म्हणजे धोंडूबाई, वखारीतल्या बायकांवर नजर ठेवायला जायची. दोघांपैकी एकाची शाळा सुटायची होती, ती शालनची सुटली. तिसरीत होती ती. पाटी तिनं स्वतः धुऊन भावाच्या उशाशी ठेवली, त्याला चित्रं काढायला. चौदा महिने ती त्या खोलीत बसली. माश्या वारायच्या, पाणी पाजायचं, भांडं धरायचं, तो रडला की गप करायचं. सवंगडी असा कोणीच नव्हता. आता तिला वाटलं, त्या भांड्याबद्दल तरी दोन ओळी छापायच्या होत्यास रं.

राळेवाडी कुठून आली हे तिला नेमकं आठवत होतं, कारण ते आईच्या एका उत्तरातून आलं होतं. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, मग पाणीसुद्धा सकाळपर्यंत नाही. का, म्हणून शालननं एकदा विचारलं. आई म्हणाली, अंधारात दिसत न्हाय, ताटात जीव पडतोय. कसला जीव? आईला घाई होती. "जीव म्हंजे जीव. तुझ्यासारखाच, बारका," ती म्हणाली आणि निघून गेली. तुझ्यासारखाच. दुपारभर शालनच्या डोक्यात तेच. म्हणजे त्याला आई असणार, घर असणार, त्याचंही नाव कोणीतरी ठेवलेलं असणार. संध्याकाळच्या जेवणाला तिनं आमटीत डोकावून पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी तिनं धरणूला सांगितलं, तवंदी घाटाच्या रानात करवंदीच्या जाळीखाली एक गाव आहे. राळ्याच्या दाण्याएवढी माणसं, म्हणून राळेवाडी. त्यांच्यात एक फोलपट आजा आहे, एक कोंड्या आहे, आणि एक कणी नावाची पोरगी आहे, ती सगळ्यांना वाचवते. कोंड्या म्हणजे धरणू होता, हे सांगायची गरज पडली नाही. कणी कोण तेही त्याला कळलं होतं.

आणि संकटं? संकटं सगळी घरातलीच होती. आभाळातून एक पांढरं धुकं उतरतं आणि गावच्या ओढ्यातली माणसं त्यात अडकतात. ते आईचं गाळणं. गाळण्यावर उरलेले जीव थोड्या पाण्यात घेऊन ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत अलगद सोडायचे असतात, जिवाणी म्हणतात तिला. एकदा शालननं कंटाळा करून ती जिवाणी शेजारच्या विहिरीत सोडली, आणि मग तीन दिवस राळेवाडीची निम्मी माणसं परक्या गावात वाट चुकून फिरत राहिली, आणि कणी त्यांना हुडकत राहिली. आणि सगळ्यांत वाईट ती झगमगीण. दिवे लागले की ती यायची. तिला पाय नव्हते, नुसतं पिवळं तोंड. ती हाक मारायची नाही, नुसती बघायची, आणि वाडीतली माणसं हातातलं काम टाकून तिच्याकडे चालू लागायची. जो गेला तो परत आला नाही. काकांच्या घरी कोणी वारलं तेव्हा त्या दिवशी घरात चूल पेटवली नाही, ते दोघांनी पाहिलं होतं, म्हणून राळेवाडीतही तोच नेम झाला. कोणी दिव्याला गेलं की त्या दिवशी वाडीत चूल नाही, कोणी घास घ्यायचा नाही. पुढं जयाला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं होतं, बारकी पोरंबी उपाशी? व्हय, बारकी पोरंबी. जयाला ते पटलं नव्हतं, पण तिनं कधी विसरू दिलं नाही. गोष्टीत कोणी दिव्याला गेलं की तीच आधी सांगायची, आता चूल न्हाय.

अल्बम तिनं दुपारी एकटीनं वाचला. वाचायला वेळ लागत होता, तिसरीतली अक्षरओळख, पण चित्रांना अक्षरं लागत नाहीत. पांढरं धुकं होतं, त्याचं आता एका दाढीवाल्या जादूगाराचं जाळं झालं होतं. परकी विहीर होती, ती आता पाताळनगरी. फोलपट आजा होता, कोंड्याचा वीर कोंडाजी झाला होता, मिशी आली होती त्याला. कणी नव्हती. तिनं परत पहिल्यापासून बघितलं, एकेका चौकटीवर बोट ठेवून, गर्दीतसुद्धा, झाडामागंसुद्धा. कणीनं केलेलं सगळं कोंडाजीनं केलं होतं. अकराव्या पानावर आजा झगमगिणीच्या ज्वाळेत पडतो, आणि लगेच बाराव्या पानावर विजयाची मेजवानी. लाडवांचे ढीग, पंगत बसलेली, मधोमध दिवा लावलेला. आजा मेल्याला दोन चौकटी झाल्या नाहीत तोवर सगळी वाडी लाडू हाणते आहे. आणि ती झगमगीण. नाक वाकडं, केस पिंजारलेले, पण हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ. शालनचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीकडे गेला. त्यानं मुद्दाम काढला असेल असं तिला वाटलं, मग वाटलं, त्याच्या लक्षातही नसेल, चेहरा काढायला घेतला आणि हात तिथं गेला. यातलं जास्त वाईट कोणतं हे तिला ठरवता येईना. एवढं मात्र खरं, की त्या पुस्तकात तिला जागा मिळाली होती ती तेवढीच.

जयाच्या लक्षात आलं होतं. "यात कणी न्हाय," ती म्हणाली. शालनला बरं वाटलं. आता पोरीला कळेल. "ती माझीच की. मीच घातली ती," ती घाईनं म्हणाली. जयानं समजूतदारपणे मान हलवली. "म्हंजे मामाच्या गोष्टीत तू मधी मधी आपलं घालत हुतीस," ती म्हणाली, "ते पण चांगलं हुतं." आणि आईच्या पाठीवरून तिनं हात फिरवला. त्या हातानं शालनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो हात पोरीचा होता, पण तो तसा फिरवायला भावानं लावलं होतं. नवऱ्याजवळ बोलून पाहिलं तर तो म्हणाला, "भावाचं नाव झालं तर तुझं काय जातंय? घरातलंच हाय." दहा वर्षं एक पोर तिच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मोठे करून तिच्या तोंडाकडे बघत होती. त्या तोंडाला आता दुसऱ्याचं उष्टं सांगणारं तोंड म्हणून ती बघणार होती, आणि वर माया करणार होती. जे जात होतं ते हे.

मग सूड. तिनं आजवर कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं असं नाही, पण इतक्या निवांतपणे कधी चिंतलं नव्हतं. भांडी घासताना, तांदूळ निवडताना, देवाला जाताना. अल्बमची पानं फाडून चुलीत घालावी. नको, पुस्तकं आणखी हजार असतील. त्याच्या हेडमास्तरांना पत्र लिहावं. पण तिसरीतल्या अक्षरात लिहिलेलं पत्र वाचून हेडमास्तर हसतील आणि भावालाच बोलावून दाखवतील. आमटीत जमालगोटा घालावा. हा विचार तिला फार आवडला. दोन दिवस ती मनातल्या मनात त्याला घोटभर जमालगोटा पाजत होती आणि अल्बम हातात धरून परसाकडे पळवत होती. शेजारच्या अंबुबाईच्या मागावर जाऊन ती बसायची. वडगावात घराघरात माग, दिवसभर गल्ली खटखट वाजायची, आणि अंबुबाई धोट्यावरची नजर न काढता बोलायची. "अंबुबाई," शालननं विचारलं, "तुम्ही इणलेलं पातळ दुसऱ्यानं आपल्या नावावर इकलं तर?" "इकत्यातच की," अंबुबाई म्हणाली, "दुकानदार काय इणतोय व्हय? पर माझ्या हातचा काठ मला वळखू येतोय. दुसरा इणाय लागला की काठात चुकतोय. तिथं त्येला धरायचं." शालनला ते बाराव्या पानावरचे लाडू आठवले. पण काठ कुठं चुकला हे ओळखायला ती एकटी होती, आणि तिचं ऐकतं कोण.

आणि मग त्याचं पत्र आलं. 'शुक्रवारी सकाळच्या सर्व्हिस मोटारीने येतो. बेळगावात दोन-तीन शाळांतून अल्बम दाखवावयाचे आहेत. दुसऱ्या दिवशी तुला व जयाला पंचमीला घेऊन जाईन.' सहा वर्षांत पंचमीला न्यायला आला नव्हता. कधी परीक्षा, कधी पाऊस, कधी बायकोचं बाळंतपण. यंदा शाळांत अल्बम खपवायचे होते, म्हणून वाटेत बहीण. शालननं पत्र घडी करून कणगीवर ठेवलं, आणि तिथंच उभी असताना तिला तिचा सूड सुचला. इतका सोपा होता की तिला हसू आलं. ती त्याला उपाशी ठेवणार होती. भांडण नाही, शब्द नाही. फक्त सूर्य. धरणू आठ वर्षांचा असताना, गुडघा नुकता बरा झालेला, वखारीत खेळता खेळता दिवस मावळला आणि आईनं त्याला ताट दिलं नाही. किती रडला. पाणी मागितलं, तेही दिलं नाही. नेम म्हणजे नेम. शालन जेवायची थांबली होती त्याच्यासाठी, तीही तशीच राहिली. दोघं भिंतीला पाठ लावून बसली आणि पोटातले आवाज एकमेकांना ऐकवत राहिली. सवंगडी असा कोणीच नव्हता म्हणे. बरं. या वेळी एकट्यानंच बसू दे भिंतीला पाठ लावून. रात्रभर पोट वाजू दे, घसा वाळू दे, आणि समोर बसलेल्या बहिणीनं हे मुद्दाम केलंय हे त्याला पहाटेपर्यंत हळूहळू कळू दे.

शुक्रवारी आप्पाण्णा एका सोयरिकीच्या बोलण्याला चिकोडीला गेला होता. धरणेंद्र चार वाजता आला. कोट, टोपी, काखेत अल्बमचा गठ्ठा, गुडघ्यात अजून किंचित लचक. त्या लचकेकडे बघून शालननं पाट पुढं सारला आणि तिला स्वतःचाच राग आला. "आक्का, लई भूक लागलीया बघ," तो टोपी काढता काढता म्हणाला, "सकाळी निपाणीत नुसता चहा घेतलता. शाळा हिंडता हिंडता जेवायचं ऱ्हायलं." सकाळपासून उपाशी. तिच्या मनात असं काही लख्ख झालं की तिला देवाचे आभार मानावेसे वाटले. "बस की. करते," ती म्हणाली. जयाला तिनं शाळेतून आल्या आल्या वाढून मोकळं केलं होतं. स्वतः जेवली नव्हती. पाहुण्याच्या आधी जेवायचं नसतं, शिवाय त्याला उपाशी ठेवून आपण ढेकर द्यायची हे तिच्यानं झालं नसतं. तिनं मुद्दाम ओली लाकडं चुलीत सारली. जोंधळ्याचं पीठ दोनदा चाळलं. डाळ शिजली होती, ती आणखी शिजू दिली. घागरीत गाळलेलं पाणी होतं, ते तिनं ओतून दिलं आणि नव्यानं गाळायला बसली, थेंब थेंब.

बाहेरच्या सोप्यात मामा-भाची रंगली होती. तो पाटीवर जयाला कोंडाजी काढून देत होता. "मिशी अशी," तो सांगत होता, "मिशी आली की माणूस वीर वाटतोय." जया हसत होती. ती तसं हसणं आजवर फक्त गोष्टींच्या वेळी हसायची. शालन गाळण्याची कड घट्ट धरून ऐकत होती. श्रावणातलं आभाळ, ढग भरून आलेले, सूर्य दिसत नव्हताच. पण वडगावात सूर्य बघावा लागत नाही. उजेड कमी झाला की विणकरांना धागा दिसेनासा होतो, एकेक माग बंद पडतो. आधी लांबचे, पलीकडच्या गल्लीतले. मग मारुतीच्या देवळामागचे. "आक्का, झालं का गं?" आतून धूर बाहेर जात होता, त्यातूनच ती म्हणाली, "होतंय की. लाकडं ओली हायत." आणखी दोन माग थांबले. आता फक्त अंबुबाईचा चालू होता, ती डोळे फाडून शेवटची वीत पुरी करत असणार. शालनचे कान त्या एका खटखटीवर होते. तिचा श्वासही त्याच तालावर चालत होता. मग तो मागही थांबला. एवढी शांतता झाली की डाळीचा बुडबुडा ऐकू आला. तिनं पदरानं हात पुसले, सोप्यात आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. हे वाक्य तिनं चार दिवस घोळवलं होतं.

"दिवस मावळला रं धरणू," ती म्हणाली. "आता कसं?"

त्यानं पाटीवरून मान वर केली. क्षणभर त्याला कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे. मग तो हसला, मनापासून, लहानपणी हसायचा तसा. "ते व्हय? आगं कोल्हापुरात मी नऊला जेवतो. कोण पाळतंय आता? वाढ, वाढ." आणि तो उठून हातपाय धुवायला गेलासुद्धा.

चार दिवस जो पाश शालन विणत होती त्यात तो अडकलाच नाही, कारण तो त्या रानात राहतच नव्हता. उपाशी राहणार होती ती. दिवस मावळला होता, तिचा नेम होता, पाणीसुद्धा आता सकाळी. त्याचं पोट भरणार, पुस्तक खपणार, पोर त्याची होणार, आणि तिनं चार दिवस पोसलेला सूड तिचाच घास काढून घेऊन बसला. ज्याला नेमच नाही त्याचं काय बिघडवायचं. तिनं पान मांडलं. भाकरी, आमटी, वांग्याची भाजी, वर तूपसुद्धा. मग दिवा लावला. रोज तो कोनाड्यात लांब असायचा. तिनं तो उतरवला, काच काढली, काच जमिनीवर उभी करून ठेवली आणि उघडी ज्योत त्याच्या ताटाला चिकटून ठेवली. हे करताना ती काही बोलली नाही, आणि मनातही तिनं त्याला नाव दिलं नाही. अंधारात ताट दिसायला नको का, एवढंच तिनं स्वतःला सांगितलं. त्याच्यासमोर ती बसली. ज्योत दोघांच्या मध्ये होती आणि तिला आपला चेहरा पिवळा झालेला न बघता कळत होता.

तो जेवत होता. श्रावणातलं पाखरू, उजेड दिसायचा अवकाश. आधी एक-दोन घिरट्या, मग पाच, मग मोजता येईनात. एक ज्योतीला लागलं, तडतडलं. एक भाकरीवर बसून उडालं. शालन बघत होती. तिच्या जिभेवर 'थांब' हा शब्द येऊन बसला होता आणि तिनं दात मिटून घेतले होते. खा. तुझं एकट्याचं मन ना? मग खा त्यांना. एवढ्यात एक बारकंसं, राळ्याएवढं, पंख झळकवत आलं आणि आमटीच्या वाटीत पडलं. धरणेंद्र घास उचलायचा थांबला. वाटीत डोकावला. आणि त्याच्या तोंडातून ते इतकं सहज गेलं की त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"आक्का, राळेवाडीचं कोण तर पडलं बघ. कणी का गं ही?"

म्हणजे त्याला माहीत होतं. पंचवीस वर्षं सगळं माहीत होतं. पण शालन बोलायच्या आधी जया बोलली. ती दिव्याच्या पलीकडे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. "मामा," ती म्हणाली, "तुला कणी कशी म्हाईत? तुझ्या पुस्तकात न्हाय ती. ती आईनं मागनं घातलीया."

"मागनं कुठलं," तो म्हणाला आणि थांबला. त्यानं शालनकडे पाहिलं. "मागनं न्हवं," तो पुन्हा म्हणाला, आता जरा हळू. "आधीपासनंच हुती ती. तुझी आईच सांगायची. मी पडलोतो आजारी, तवा. सगळं तिनंच सांगितलंय गं. मी निस्तं काढलं."

"मग सवंगडी कोणी न्हवता असं का लिवलंस?"

"पुस्तकात तसं लिवावं लागतंय, बाळ," तो म्हणाला. "पुढच्या छपाईत आक्काचं नाव घालतो की. त्यात काय." आणि विषय संपला अशा हातानं त्यानं त्या पाखराला बोटानं वाटीच्या कडेला सारलं आणि भाकरीचा तुकडा आमटीकडे नेला.

"मामा, थांब," जया म्हणाली.

ती ओरडली नाही. शाळेत चुकलेल्या मुलाला बाजूची मुलगी सांगते तसं तिनं सांगितलं. "कोण दिव्याला गेलं तर त्या दिवशी वाडीत चूल न्हाय. कोण घास घ्यायचा न्हाय. बारक्या पोरांनीबी न्हाय." तिनं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. "तुला म्हाईत न्हाय व्हय हे? म्हणून तू शेवटाला लाडू काढलास."

धरणेंद्रचा हात वाटीवर तसाच राहिला. तो हसला, मग हसू विरलं. कोल्हापुरात नऊला जेवणाऱ्या माणसाला धर्माचा नेम मोडताना काही वाटलं नव्हतं, पण या दहा वर्षांच्या पोरीसमोर त्याला तो घास तोंडात घालता येईना. शालनला मदत करायची नव्हती आणि तिनं केली नाही. शेवटी त्यानं तुकडा ताटात ठेवला. ताट जवळजवळ भरलेलंच होतं. शालन उठली आणि तिनं ते त्याच्या पुढ्यातून उचललं. "पाणी?" तो म्हणाला. "सकाळी," ती म्हणाली. त्यानं मान खाली घातली आणि मागं सरकून भिंतीला पाठ लावून बसला. अगदी तसाच, गुडघा लांब करून. जया तोवर आईकडे बघत होती. मोठे डोळे, जुने डोळे. शालनला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, ताट हातात होतं, आणि ते तिला जड लागत होतं.

जयानं वाटीत डोकावून त्या पाखराला हलकेच करंगळीवर घेतलं. पंख आमटीनं चिकटले होते. तिनं फुंकर घातली, पुन्हा घातली. ते हललं नाही. मग तिची नजर ज्योतीवर गेली, ज्योतीवरून जमिनीवर, तिथं काच उभी करून ठेवलेली होती, स्वच्छ, कोणीतरी जपून काढून ठेवलेली.

"आई," ती म्हणाली, "दिव्याची काच कुणी काढली?"

शालनला धरणूचं नाव घेता आलं असतं. वारा आला म्हणता आलं असतं, पोरीनं ऐकलं असतं. भिंतीजवळून भाऊ बघत होता.

"मी काढली," ती म्हणाली.